गरम झाल्यावर बंद पडणारी वायझेड १२५: सीडीआय घेण्याआधी करंट कुठे अडतोय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनी यामाहा वायझेड १२५, म्हणजे टू-स्ट्रोक डर्ट बाइक, थंड असताना दोन-तीन किकमध्ये चालू होते. ट्रॅकवर वीसेक मिनिटं छान पळते, मग मिसिंग मारायला लागते आणि बंद पडते. त्यानंतर कितीही किक मारा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी चालू. आतापर्यंत तीन प्लग बदलून झाले. काढलेला प्रत्येक प्लग काळा आणि ओला निघाला. आता मेकॅनिक सीडीआय (ठिणगीसाठी वीज साठवून वेळेवर सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलू म्हणतोय, तर तो बदलावा का?

अजून नको. लक्षणं वाचून माझा पहिला संशय मॅग्नेटखालच्या प्लेट कॉइलवर, म्हणजे स्टेटरवर जातो. पण संशयावरून पार्ट बदलत गेल्यामुळेच तुमचे पैसे आणि वेळ गेला आहे, तेव्हा माझ्याही संशयावर विसंबू नका. मोजून बघा. आणि मोजायचं ते गाडी बंद पडलेली असताना, इंजिन गरम असतानाच. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये हीच गाडी तपासली तर कॉइलपासून सीडीआयपर्यंत सगळं ठणठणीत दिसेल, कारण त्या वेळी बिघाड हजरच नसतो. म्हणून अवजारं घेऊन ट्रॅकवर जा.

आधी त्या ओल्या प्लगबद्दल. गाडी बंद पडल्यावर तुम्ही किक मारत राहता. प्रत्येक किकला कार्बोरेटरमधून पेट्रोल आणि टू-टी ऑइल आत येतं, ठिणगी नसल्याने पेटत नाही आणि प्लगवर साचतं. म्हणजे ओला प्लग एवढंच सांगतो की पेट्रोल आलं पण पेटलं नाही. का पेटलं नाही, हे त्याला विचारून कळणार नाही. नवा प्लग लावेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेलेली असतात, तेवढ्यात इंजिन निवतं, गाडी चालू होते आणि सगळ्यांना वाटतं प्लगच गेला होता. तुमचे ते तिन्ही प्लग बहुतेक चांगले असतील. फेकले नसतील तर पेट्रोलने धुऊन, वाळवून, मऊ ब्रशने साफ करून ठेवा. तपासणीला कामाला येतील.

आता करंटचा रस्ता समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पटेल. वायझेडला बॅटरी नाही. किक मारली की मॅग्नेट फिरतो आणि प्लेटवरची सोर्स कॉइल वीज तयार करते. ती सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टपर्यंत साठते. पिस्टन ठरलेल्या जागी आला की पिकअप कॉइल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पल्सर, इशारा देते. सीडीआय तो साठा एका झटक्यात व्होल्टेज वाढवणाऱ्या एचटी कॉइलच्या प्रायमरीत, म्हणजे आत येणाऱ्या बाजूच्या वेढ्यांत, सोडतो आणि सेकंडरीतून, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वेढ्यांतून, हजारो व्होल्ट एचटी वायर आणि प्लगवर बसणाऱ्या कॅपमधून प्लगपर्यंत जातात. याच सर्किटला किल स्विचची, म्हणजे गाडी बंद करण्याच्या बटणाची, वायर जोडलेली असते. स्विच दाबला की ती अर्थ होते आणि ठिणगी थांबते. बॅटरीवर चालणाऱ्या कितीतरी रोड बाइकमध्ये हे उलटं असतं, तिथे स्विच पुरवठा तोडतो. रोड बाइकची सवय असलेले मेकॅनिक त्यामुळे क्रॉस गाडीत किल स्विचच्या दोन्ही वायरी एकत्र पिळतात. त्याने स्विच बायपास होत नाही, कायमचा दाबलेला राहतो.

ट्रॅकवर जाताना प्लग पाना, साफ केलेले दोन प्लग, चांगला डिजिटल मल्टिमीटर, कटर, एक फूटभर जाड वायर दोन्ही टोकांना क्लिप लावून, आणि जमल्यास गॅप कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या. टेस्टर स्वस्तात मिळतो आणि डर्ट बाइक पाळणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा असं मी मनापासून म्हणतो. कारण उघड्या हवेत प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या गॅपमधून ठिणगी उडवणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं तेव्हा त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर निळी ठिणगी दिसली म्हणून इग्निशन चांगलं, हा निष्कर्ष घाईचा आहे. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टेस्टरवर निदान ६ मिलिमीटर गॅप ओलांडणारी ठिणगी हवी असं म्हटलेलं असतं. ती कसोटी धरा.

गाडी बंद पडली की सर्वांत आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर इग्निशनचा काही दोष नाही. झाकणाची ब्रीदर नळी चिखलाने बंद झाली आहे, टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही आणि थोडा वेळ उभी केली की हळूहळू उतरतं. लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं. फरक प्लगवर दिसतो: इथे प्लग कोरडा निघतो. तुमचा ओला निघतो, त्यामुळे हे कारण असण्याची शक्यता कमी, पण तपासायला दहा सेकंद लागतात. मग हाताने किक दाबून बघा. थंड असताना जेवढा जोर लागतो त्यापेक्षा फारच हलकी लागली तर रिंगा आणि बोअर बघावे लागतील. झिजलेलं टॉप एंड (सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा) गरम झाल्यावर कॉम्प्रेशन सोडतं आणि त्याचंही खापर प्लगवर फुटतं.

आता ठिणगी. किक किती वेगाने फिरते त्यावर मॅग्नेटची वीज अवलंबून असते. प्लग काढून मोकळी किक मारली तर इंजिन भर्रकन फिरतं आणि मरगळलेली कॉइलही ठिणगी दाखवते. म्हणून एक प्लग सिलिंडर हेडमध्ये बसलेलाच ठेवा आणि दुसरा कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडच्या बोल्टला किंवा इंजिनच्या रंग नसलेल्या भागाला क्लिपच्या वायरने पक्की अर्थ करा. टेस्टर असेल तर त्याचीही क्लिप तशीच लावा. सावलीत बघा, उन्हात ठिणगीचा रंग कळत नाही. निळसर-पांढरी आणि कडक आवाजाची असेल तर चांगली, पिवळी-नारिंगी आणि बारीक असेल तर कमजोर. हेडचं भोक उघडं ठेवून त्याच्याजवळ ठिणगी पाडू नका, आतून पेट्रोलची वाफ फवारते आणि पेटू शकते. कॅप नुसती लोंबकळत ठेवूनही किक मारू नका. करंटला प्लगमधून वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आत किंवा सीडीआयमध्ये वाट शोधतो, आणि चांगला पार्ट तपासणीतच जातो.

ठिणगी नाही किंवा कमजोर आहे असं दिसलं की पहिलं काम म्हणजे किल स्विचचा कनेक्टर सोडवून दोन्ही टोकं मोकळी ठेवणं. पुन्हा किक मारा. ठिणगी आली तर शोध संपला. हँडलवरच्या या छोट्या बटणात चिखल, घाम आणि वॉशिंगचं पाणी जातं, आतले पितळी पॉइंट हिरवे पडतात आणि थोडासा करंट सतत अर्थला गळत राहतो. वायर हँडलच्या नळीजवळ घासूनही असंच होतं. गाडी चालू असताना हँडल पूर्ण डावीकडून उजवीकडे वळवून बघा. एका बाजूला वळवल्यावर मिसिंग मारत असेल तर स्टेअरिंग हेडजवळची वायर आतून तुटलेली किंवा सोललेली आहे. मात्र किल स्विच सोडवून गाडी चालू केली तर ती बंद कशी करायची हे आधी ठरवून ठेवा. वरच्या गिअरमध्ये ब्रेक धरून क्लच सोडणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

त्यानंतर कॅप. ती एचटी वायरवर स्क्रूसारखी बसते. डावीकडे फिरवून काढा, वायरचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापून आतली तांब्याची तार स्वच्छ दिसू द्या आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवा. टोकाशी हिरवं-काळं पडलेलं असेल तर तिथे ठिणगी दोनदा उडते, एकदा कॅपमध्ये आणि एकदा प्लगवर, आणि प्लगला उरतं ते अपुरं. रेझिस्टर कॅप असेल तर मल्टिमीटरवर साधारण ५ किलो-ओहम दाखवते. आकडा सारखा हलत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर कॅप बदला. तुम्ही गाडी प्रेशर वॉशरने धुता असं लिहिलंय. ती धार प्लग, कॅप, कॉइल आणि मॅग्नेट कव्हरवर थेट मारणं आजपासून बंद करा. पावसाळ्यात मावळ-सातारा भागातल्या लाल चिखलात चालवल्यावर गाडी धुवावी लागतेच, पण साध्या पाइपच्या पाण्याने आणि ब्रशनेही ती स्वच्छ होते. कॅपच्या रबरात थोडं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, ग्रीस लावा.

एवढं करूनही गरम इंजिनला ठिणगी नसेल तर मल्टिमीटर काढा. स्टेटरचा कनेक्टर सोडवा आणि सोर्स कॉइल आणि पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स तिथल्या तिथे मोजा. तुमच्या वर्षाच्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा, कारण आकडे आणि वायरींचे रंग वर्षागणिक बदलतात. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. मॅन्युअलमधला आकडा २० अंश सेल्सिअसचा असतो. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे कॉइल ८० अंशांवर गेली की चांगल्या कॉइलचाही आकडा २०-२५ टक्के वर दिसणार. तेवढ्या वाढीवरून कॉइल बाद करू नका. बाद कॉइल वेगळी वागते: गरम असताना 'ओपन' (तार तुटल्यासारखं) दाखवते, आकडा उड्या मारतो, किंवा वाढायच्या ऐवजी खाली घसरतो. तारेवरचं इनॅमल आतून करपलं की गरम झाल्यावर शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात किंवा तुटलेली तार प्रसरण पावून दूर जाते. निवल्यावर सगळं जागेवर येतं. वीस मिनिटांनी बंद आणि अर्ध्या तासाने चालू, हे बहुतेक वेळा असं घडतं. कॉइलचं एक टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यातही मोजा, पण ज्या टोकाला मुद्दाम अर्थ दिलेला आहे ते सर्किट डायग्राममध्ये पाहून वगळा.

एचटी कॉइलही अशीच गरम मोजायची. प्रायमरी एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, सेकंडरी काही किलो-ओहम, आणि सेकंडरी मोजताना कॅप काढून, नाहीतर कॅपचा रेझिस्टन्स त्यात मिळतो. कमी ओहम मोजताना मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. कॉइलची बॉडी जिथे फ्रेमला बोल्टने बसते ती जागा स्वच्छ धातूची हवी. फ्रेमला पावडर कोटिंग करून आणलेल्या गाड्यांमध्ये करंट न येण्याचं हे कारण मी इतक्या वेळा पाहिलंय की फ्रेम नवीन रंगाची दिसली की मी आधी पॉलिश पेपर हातात घेतो.

सीडीआय शेवटी येतो, आणि त्यामागे कारण आहे. तो साध्या मल्टिमीटरने तपासता येत नाही. पीक व्होल्टेज अडॅप्टर (क्षणिक झटक्याचं व्होल्टेज मीटरवर दाखवणारा जोड) असेल तर किक मारताना सोर्स आणि पिकअपकडून पुरेसं व्होल्टेज सीडीआयकडे जातंय का आणि त्याच्याकडून कॉइलकडे निघतंय का, एवढं मोजता येतं. अडॅप्टर नसेल तर बाकी सगळं चांगलं असल्याचं सिद्ध करून मगच बोट सीडीआयकडे वळवायचं. त्याच मॉडेलची दुसरी गाडी ओळखीत असेल तर तिचा सीडीआय दहा मिनिटं लावून बघणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. उलट तुमचा सीडीआय त्या चांगल्या गाडीवर लावू नका आणि वर्ष-मॉडेल जुळल्याशिवाय अदलाबदल करू नका. कनेक्टर सारखाच बसत असला तरी टायमिंगचा नकाशा, म्हणजे कोणत्या आरपीएमला ठिणगी कधी पडायची ते, वेगळं असू शकतं.

टायमिंगचा उल्लेख आला म्हणून सांगतो. किक उलटी मारत असेल, सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील आणि ठिणगी मात्र कडक असेल, तर मॅग्नेटची की (त्याला शाफ्टवर ठरलेल्या जागी धरणारी लहान खीळ) कापली गेली आहे का बघा. मॅग्नेट शाफ्टवर दोन-चार अंश सरकला तरी इंजिन बिघडलेलं वाटतं. मॅग्नेट काढायला योग्य पुलरच वापरा. या गाड्यांच्या पुलरची आटी बहुधा डावी असते, त्यामुळे जोर लावण्याआधी दिशा बघा. हातोड्याने ठोकून काढलेल्या मॅग्नेटमधले चुंबक सुटतात आणि क्रँकचं बेअरिंगही दुखावतं. मॅग्नेट काढलाच आहे तर प्लेट ओली, तेलकट आहे का बघा. पाणी असेल तर कव्हरची गॅस्केट गेली. तेल किंवा पेट्रोलचा ओशटपणा असेल तर त्या बाजूचं क्रँक ऑइल सील गळतंय. तिथून हवा आत जाते, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, रेस सोडल्यावरही इंजिन वरच्या आरपीएमवर रेंगाळतं आणि प्लग पांढराफटक पडतो. पांढऱ्या प्लगवर ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक दाणे दिसले तर गाडी त्या क्षणी थांबवा. तो पिस्टनचा धातू आहे.

आता दुसरी शक्यता. गरम इंजिनला टेस्टरवर कडक ठिणगी मिळाली आणि प्लग तरीही काळा-ओला निघतोय, तर इग्निशन सोडा आणि मिश्रणाकडे या. चोकचा प्लंजर पूर्ण बसतोय का, फ्लोटची सुई गळतेय का, एअर फिल्टर तेलाने थबथबलेलं आहे का, हे बघायला अवजारंही फार लागत नाहीत. चोक रबर कापलेला असेल तर थंड गाडी उत्तम चालू होते आणि गरम झाल्यावर गुदमरते. कुणी बघायचं विसरतं अशी एक जागा म्हणजे क्लच बाजूचं क्रँक सील. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. बदलताना जेवढं ओतलं तेवढं बाहेर येतंय का, ते मोजा. महाबळेश्वरच्या पठारावर, साधारण १,३५० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते. कोकणात नीट चाललेलं जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटची निवड, तिथे जाड (पेट्रोल जास्त) पडतं आणि प्लग काळा करतं.

मिश्रणात ऑइल किती, यावरून वाद होतात. वायझेडला यामाहा ३०:१ सांगते, म्हणजे लिटरला ३३ मिलिलिटर. मोजपात्राने मोजा. प्लग काळा होतो म्हणून ऑइल कमी करणं हा चुकीचा उपाय आहे, त्याने बेअरिंग आणि पिस्टन जातात आणि ऑइलची जागा पेट्रोलने घेतल्यामुळे मिश्रण उलट किंचित जाडच होतं. जेट बदला, ऑइल नाही. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर गाडी पातळ चालते, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात महिनाभर कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल फ्लोट बाऊलचा स्क्रू उघडून काढून टाका आणि जेटिंग बघायचं ते ताज्या पेट्रोलवरच.

प्लगचंही दोन शब्दांत सांगतो. तुमच्या मॉडेलला एनजीकेचा बीआर९ईव्हीएक्स येतो, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, कमी झाला की गरम. बॉशमध्ये याच्या उलट, त्यामुळे दुकानदाराने 'हाच चालतो' म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर तक्ता पाहूनच घ्या. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळतो. ८०० च्या पुढे गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं. सावकाश जंगलात फिरणाऱ्याने एक पायरी गरम, बीआर८, वापरला तर हरकत नाही. ट्रॅकवर पूर्ण रेस देणाऱ्याने ९ सोडू नये. 'आर' म्हणजे रेझिस्टर. तो नसलेला प्लग लावला तर त्याच्या विद्युत गोंगाटाने डिजिटल सीडीआय गोंधळू शकतो. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, वापरलेला असेल तर अगदी थोडासा. अस्सल प्लगचा वॉशर आटीवरून सहज निघून येत नाही. निघाला तर तो प्लग परत करा, नकली माल खूप फिरतो.

मापं घेऊन स्टेटरच दोषी निघाला तर नवीन आयात करण्याआधी चांगल्या वायंडरकडे, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे, जाऊन या. जुनी तार सोडवताना वेढे मोजायला सांगा, तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजून तीच वापरायला सांगा, आणि इनॅमल १८० किंवा २०० अंशांच्या क्लासचं घ्या. पंख्याच्या मोटरची तार काही आठवडे टिकते आणि पुन्हा हाच आजार सुरू होतो. वर व्हार्निश आणि एपॉक्सी भरून भट्टीत नीट भाजलेलं हवं, नाहीतर कंपनाने तार घासते. घरी आणल्यावर गाडीला लावण्याआधी मल्टिमीटर जोडून ठेवा आणि हेअर ड्रायरने कॉइल हाताला चटका बसेपर्यंत तापवा. आकडा संथपणे वर चढत गेला आणि निवताना तसाच खाली आला तर बसवा. मध्येच उडी मारली तर त्याच दिवशी वायंडरकडे परत न्या.